बोटीवर तो बरा गायचा

“बोटीवर हा बरा गायचा गं. जमिनीवर आला आणि मरगळला.”

काकांच्या तोंडून हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. काका व्यापारी जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरात त्यांनी थोरेन्स कंपनीचा टीडी १६० टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घेतला. जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेजची जोडणी बदलून घेतली, जहाज धक्क्याला लागलेलं असलं की केबिनमध्ये तो वाजवायचा, आणि सुट्टीवर येताना घरी घेऊन आले. घरी लावला तर गाणं कण्हत चालल्यासारखं निघालं. दोघा-तिघांनी उघडून पाहिला. एकाने तेल घातलं, एकाने पट्टा बदलला, एकाने मोटर दमल्याचं सांगून टाकलं. मग तो जुन्या चादरीत बांधला गेला आणि माळ्यावर चढला. काका बोटीवरची गोष्ट सांगायचे तेव्हा घरातले सगळे हसायचे. मीही हसायचे.

गेल्या वर्षी माळा आवरताना त्यांनी ते बोचकं माझ्या हातात दिलं. “तुला सुरातलं कळतं. बघ काही होतंय का.” मी हार्मोनियमची साथ करते. हत्यारांशी माझा संबंध पेटीचे सूर आणि भाता दुरुस्त करण्यापुरता. पण काकांना नाही म्हणवेना.

पैशांचा नियम सुरुवातीलाच ठरवला: एका महिन्यात एकच वस्तू घ्यायची, आणि ती का घ्यायची ते आधी वहीत लिहायचं. जुन्या टर्नटेबलच्या नादी लागलं की नवी केबल, नवी मॅट, नवे पाय असं काही ना काही सुचतच राहतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. वहीत कारण लिहिता आलं नाही तर वस्तू घ्यायची नाही. हा नियम मला फार उपयोगी पडला.

टीडी १६० हा १९७२ सालचा. त्याची रचना मला अजूनही सुंदर वाटते. मोटर आणि बटणं वरच्या पत्र्याला घट्ट बसवलेली, पण रेकॉर्ड फिरवणारी थाळी आणि टोनआर्म (सुई धरणारा हात) एका वेगळ्या चौकटीवर, आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती. मोटरची थरथर सुईपर्यंत पोचू नये म्हणून ही सोय. एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये एआर कंपनीच्या टर्नटेबलमध्ये हीच कल्पना वापरली होती आणि पुढे कितीतरी जणांनी ती उचलली. मोटर आणि थाळी यांच्यात दुवा एकच, रबरी पट्टा. १९७२ सालीच टेक्निक्सचा एसएल-१२०० आला. त्याची थाळी थेट मोटरवरच फिरते. तोही उत्तम यंत्र आहे, पण त्यात इलेक्ट्रॉनिक्स आलं, आणि ते बिघडलं तर माझ्यासारखीने हात लावायचं काम नाही. पट्ट्याचं यंत्र घरच्या टेबलावर उघडता येतं, आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. हात आखडून खर्च करायचा असेल तर मी कुणालाही पट्ट्याचाच घ्यायला सांगेन.

पहिल्या महिन्यात मी काहीच विकत घेतलं नाही. फक्त साफ केलं. बाहेरची जड थाळी उचलली की आत एक लहान थाळी असते. पट्टा तिच्यावरून जातो आणि तिच्या खाली एक गुळगुळीत पोलादी दांडा असतो. तो खालच्या बेअरिंगच्या नळीत फिरतो. मी तो वर ओढला तर त्याच्यावर तपकिरी चिकटा. जुनं तेल वर्षानुवर्षं हवा खाऊन डिंकासारखं झालेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं आणि एक बारीक लाकडी काडी. काडीला फडकं गुंडाळून नळीच्या तळापर्यंत घालायची, फिरवायची, काढायची, फडकं बदलायचं. फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत अर्धी दुपार गेली. यात एक सांभाळायचं: आतली पितळेच्या रंगाची बुशं (दांड्याभोवतीच्या कड्या) सच्छिद्र असतात आणि त्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. अल्कोहोल ओतून भिजत ठेवलं तर तेही धुऊन निघतं. ओलसर फडक्याने पुसावं, ओतू नये. आणि गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच मारू नये. तो पातळ असतो, उडून जातो, आणि मागे धातू कोरडा ठेवतो.

मग हलक्या मशीन ऑइलचे मोजके थेंब टाकले आणि दांडा नळीच्या तोंडाशी धरून सोडला. मला वाटलं होतं थाळी धपकन बसेल. ती बसलीच नाही. तेल आणि खाली अडकलेली हवा यांच्यावर ती नुसती टेकून राहिली आणि मग इतकी सावकाश उतरू लागली की डोळ्यांना हालचाल कळेना. मी पट्टीने कडेची उंची मोजत बसले. पूर्ण खाली जायला चार मिनिटांच्या वर लागली. दांडा आणि नळी यांच्यात किती कमी जागा आहे, आणि इतक्या वर्षांत ती किती कमी झिजली आहे, हे त्या चार मिनिटांत समजलं. त्या दिवसापासून यंत्र दमलंय यावर माझा विश्वास राहिला नाही.

दुसऱ्या महिन्यात नवा पट्टा आणला. जुना कडक होऊन लंबगोल आकारातच राहिला होता. नवा पट्टा हाताला घाम नसताना चढवला, थाळीची कड अल्कोहोलने पुसली, आणि रेकॉर्ड लावली.

तीच रड.

एका ख्यालगायकाची ही रेकॉर्ड माझ्याकडे फोनवरही आहे. फोनवर त्यांचा सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा. टर्नटेबलवर लावून मी पेटीवर सा शोधला तर तो खालच्या काळी पाचला सापडला, तोही किंचित उतरलेला. तानपुरा, तबला, आवाज, सगळं सारखंच खाली गेलेलं. म्हणजे रेकॉर्डवरच्या सा ला सा धरलं तर गायकाचा खरा सा वरच्या कोमल गंधारावर होता.

इथे मी दोन दिवस नुसती विचार करत बसले. एक गोष्ट खटकत होती. बेअरिंग जड झालं किंवा पट्टा घसरत असला तर वेग डगमगेल. गाणं कधी जास्त खाली जाईल, कधी थोडं वर येईल, लांब लावलेला स्वर हेलकावे खाईल. इथे तसं काहीच नव्हतं. तार षड्जावर गायक दहा-बारा सेकंद थांबतात, त्यात सूर जराही हलत नव्हता. खाली होता, पण खांबासारखा स्थिर. आजारी यंत्र असं वागत नाही.

मग मी थाळीच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला, घड्याळ घेतलं आणि फेऱ्या मोजल्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. शंभर फेऱ्यांना १८० सेकंद लागायला हवेत.

लागले २१६.

पुन्हा मोजलं. २१६. सुई टेकवून मोजलं, सुई उचलून मोजलं. २१६.

मी वहीत भागाकार केला. २१६ भागिले १८०, म्हणजे ६ भागिले ५. आणि अंगावर काटा आला, कारण ६:५ हे गुणोत्तर मला पाठ आहे. सा आणि कोमल गंधार यांच्या कंपनांचं तेच गुणोत्तर. कानाने जे सांगितलं होतं तेच घड्याळ सांगत होतं. आणि इतका नेमका आकडा झिजेतून येत नाही. हा आकडा कुणीतरी ठरवलेला असणार.

या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस जातीची, १६ ध्रुवांची. अशी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीशी पाऊल जुळवून चालते. ५० हर्ट्झवर मिनिटाला ३७५ फेरे, ६० हर्ट्झवर ४५०. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तरी तिला फरक पडत नाही. ती एक तर तालात चालते, नाही तर थांबते. दमून संथ चालणं तिच्या स्वभावातच नाही. म्हणून कारखान्यात मोटरच्या दांड्यावर, जिथून पट्टा जातो तिथे, ५० आणि ६० हर्ट्झसाठी वेगवेगळ्या मापाच्या पुल्या लावायचे. मोटर जास्त वेगाने फिरणार असेल तिथे पुली लहान. आता ६० हर्ट्झची लहान पुली ५० हर्ट्झच्या विजेवर चालवली तर सगळं ५/६ वेगाने फिरणार. शंभर फेऱ्यांना २१६ सेकंद.

आणि जहाजांवर वीज बहुतेक ६० हर्ट्झची असते.

मी पेटी बाजूला सरकवली आणि तशीच बसून राहिले. बोटीवर तो बरा गायचा. काका अगदी खरं बोलत होते. इलेक्ट्रिशियनने व्होल्टेज बदललं, फ्रिक्वेन्सीचं काही करायची त्याला गरजच नव्हती, कारण जहाजावर ६०च होती. घरी आल्यावर ती ५० झाली. चाळीसहून जास्त वर्षं या यंत्राला लोक आजारी म्हणत आले, त्याला तेल पाजत आले, आणि ते बिचारं ज्या तालासाठी घडवलं होतं त्या तालाचा हिशोब चोख पाळत होतं.

काकांना लगेच फोन केला नाही. आधी दुरुस्त करून दाखवायचं ठरवलं.

६० हर्ट्झची वीज तयार करून देणारे वेगळे पॉवर सप्लाय मिळतात, पण ते माझ्या वहीच्या नियमात बसत नव्हते. म्हणून लेथवर पितळेची नवी पुली बनवून घ्यायची असं ठरलं. जुनी पुली कॅलिपरने मोजली आणि माप १.२ पट केलं. पुलीला दोन पायऱ्या असतात, एक ३३⅓ साठी आणि एक ४५ साठी, दुसरी पहिलीच्या १.३५ पट मोठी. मी कागदावर नीट आकृती काढून नेली. लेथवाल्या मामांनी ती पाहिली आणि विचारलं, “पट्टा चपटा आहे ना? मग पुलीला पोट नको?” मी म्हटलं, नको, आकृतीत आहे तसंच करा.

घरी येऊन बसवली. पट्टा दोन फेऱ्यांत वर सरकला आणि निसटला. पुन्हा चढवला, पुन्हा निसटला. जुनी पुली उजेडात आडवी धरून पाहिली तेव्हा दिसलं. तिची प्रत्येक पायरी मध्यभागी किंचित फुगीर होती. इतकी किंचित की बोटाला कळते, डोळ्याला चटकन नाही. चपटा पट्टा नेहमी सर्वांत मोठ्या व्यासाकडे चढत जातो, म्हणून मध्यावर फुगवटा ठेवला की तो तिथेच टिकून राहतो. मामांना हे आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, त्यांनी एक शब्द न बोलता दुसरी पुली कातायला घेतली आणि या वेळी पोट ठेवलं. पॉलिश करताना त्यांनी मला व्यास जरा जास्तच ठेवून दिला. “घरी बघ. जास्त वाटलं तर आण, अजून घासून देतो. कमी झालं तर मला वाढवता येणार नाही.” पेटीचा सूर लावतानाही आम्ही पत्ती अशीच जपून, थोडी थोडी घासतो.

चौदा मिलिमीटरच्या आसपासच्या पुलीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली तर वेग सुमारे पाऊण टक्का बदलतो, आणि तेवढा फरक पेटीशेजारी बसलेल्या कानाला कळतो. मी दोनदा परत गेले. पहिल्यांदा शंभर फेऱ्या १७८ सेकंदांत, मग १७९ च्या थोडं वर, मग १८०.

खात्रीसाठी १८० रेघांची स्ट्रोब चकती कागदावर छापून थाळीवर ठेवली. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो आणि वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. खोलीतल्या एलईडीखाली काहीच दिसेना, कारण चांगल्या एलईडीचा उजेड जवळजवळ सलग असतो. जुना तारेचा बल्ब शोधून लावला, तेव्हा रेघा उभ्या राहिल्या. फिरत्या थाळीवर स्थिर उभ्या रेघा. मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून त्या दाखवल्या.

नव्या पुलीत मूळच्यासारखा, सुरुवातीचा भार मोटरवर एकदम पडू न देणारा क्लच नाही. त्यामुळे बटण दाबल्यावर जड थाळीला बोटाने हलका हात द्यावा लागतो, मग ती आपली आपण वेग घेते.

आता ज्याला लोक अपग्रेड म्हणतात ते. मूळ कार्ट्रिजची (टोनआर्मच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) सुई गेलेली होती आणि झिजलेली सुई रेकॉर्डच कातरते, तेव्हा तिथे काटकसर करायची नव्हती. मी ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई घेतलं. कारण वहीत असं लिहिलं आहे: याच अंगावर पुढे चांगली सुई चढवता येते. आज लंबवर्तुळाकार टोकाची, पुढे कधी पैसे साठले की आणखी बारीक टोकाची, मायक्रोलिनिअर. बाकी काही बदलायचं नाही.

पण कार्ट्रिज टोनआर्मला शोभतं का, हे आधी बघावं लागतं. जड टोनआर्म आणि सुईची लवचीक दांडी मिळून एक झोपाळा तयार होतो आणि त्या झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. ती साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डने आणि पावलांच्या धमकेने हात नाचायला लागतो, वर गेली तर ती गाण्यात शिरू लागते. हिशोब सोपा आहे: एकूण वजन ग्रॅममध्ये, गुणिले लवचीकता, त्याचं वर्गमूळ, आणि १५९ ला त्याने भागायचं. माझ्या टीपी १६ आर्मचं परिणामी, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं, वजन १६.५ ग्रॅम, कार्ट्रिज ६.१, वर स्क्रू. लवचीकतेचा आकडा हा कारखाना १०० हर्ट्झवर देतो. तो साधारण दीड ते दोन पट करून धरायचा. माझं उत्तर साडेनऊच्या आसपास आलं. हलक्या आर्मसाठी बनवलेलं खूप लवचीक कार्ट्रिज मी महाग घेतलं असतं तरी या जड हातावर ते वाईटच वाजलं असतं.

चार तारा जोडायचं काम मात्र जिवावर आलं. लाल उजव्या बाजूच्या आवाजाची, हिरवी उजव्याची जमीन (ग्राउंड), पांढरी डाव्याची, निळी डाव्याची जमीन. क्लिपा तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि तारा केसासारख्या. चिमट्याने पांढरी क्लिप ढकलताना ती तुटून हातात आली. डाग द्यायचाच होता, तर तो कार्ट्रिजपासून तार पूर्ण सोडवून, बाजूला धरून दिला. कार्ट्रिजला लागलेल्या तारेवर सोल्डरिंग गन टेकवली तर उष्णता आतल्या केसाहून बारीक वेटोळ्यांपर्यंत जाते आणि ते संपतं. सुईचा कोन लावायला छापील कागदी मापक वापरलं, केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंचं. कागद छापला की आधी त्यावर पट्टी ठेवून बघा. प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र हळूच लहान करतो आणि मग तुमचं सगळं माप चुकतं. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन दोन ग्रॅम, छोट्या तराजूवर मोजून.

बाकीचं भराभर सांगते. स्प्रिंगा खालच्या नटांनी सारख्या केल्या, चौकट बोटाने दाबली की सरळ वर-खाली व्हावी, तिरकी झुलू नये इतपत. स्विचवरचा जुना कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घेतला, मेन्स विजेसाठीच्या एक्स२ दर्जाचा. तिथे घरची मेन्स वीज असते आणि जुने कपॅसिटर शॉर्ट होतात, हे स्वतः करू नका. मधला फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) साधाच घेतला. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापतात आणि वाजवताना ते उलटं करावं लागतं. १९५४ च्या सुमारास ठरलेली आरआयएए वक्ररेषा ती हीच. तेवढं काम तो नीट करतो. गुणगुण येत होती, ती जमिनीची तार स्क्रूला घट्ट केल्यावर गेली.

मग काकांना फोन केला.

ते आले, खुर्चीत बसले. मी जहाजावरची वीज, पुली, २१६ आणि १८०, सगळं सांगितलं. काका मधे काही बोलले नाहीत. मी जुनी पुली त्यांच्या तळहातावर ठेवली, शेजारी नवी ठेवली. त्यांनी दोन्ही बोटांत फिरवून पाहिल्या.

“एवढाच फरक?”

“एवढाच, काका.”

“मी सांगत होतो ना.”

“हो. तुम्ही सांगत होतात.”

मी रेकॉर्ड ठेवली, पेटीवर काळी एक दाबून धरली आणि बटण दाबायला त्यांना सांगितलं. बोटाने जरा हात द्यावा लागतो, म्हटलं. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट थाळीच्या कडेला लावलं, दोरावर ताण किती आहे ते बघतात तसं क्षणभर थांबले, आणि हलकेच ढकललं. पहिला सा आला तो माझ्या पेटीवर येऊन बसला.

आता दर रविवारी ते येतात. रेकॉर्ड मी निवडते, ब्रशने पुसते, सुई मी टेकवते. थाळीला पहिला हात तेच देतात, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत.